कर्नल स्वतः बांधावा का? उद्यमनगरातील पॅटर्न शॉपमध्ये डेबियनच्या तयार रिअल-टाइम कर्नलचे परीक्षण

कर्नल म्हणजे संगणकाचे हार्डवेअर आणि प्रोग्राम यांच्यामधला, प्रणालीचा गाभा; रिअल-टाइम कर्नल म्हणजे ठरलेले काम ठरल्या क्षणी करण्यासाठी घडवलेला कर्नल. या परीक्षणात दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत. पहिली म्हणजे डेबियन १२ या लिनक्स वितरणासोबत मिळणारे रिअल-टाइम कर्नलचे तयार पॅकेज, आणि दुसरी म्हणजे लिनक्स ६.१२ चा सोर्स (मूळ कोड) उतरवून, त्यातील पर्याय स्वतः निवडून बांधलेला कर्नल. दोन्ही वापरून पाहिले ते कोल्हापुरातील शिवाजी उद्यमनगरात असलेल्या एका छोट्या पॅटर्न शॉपमध्ये, जिथे शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फाउंड्र्यांसाठी लाकडाचे व रेझिनचे पॅटर्न (ज्यांवरून वाळूचा साचा घडतो ते नमुने) आणि कोअर बॉक्स (कास्टिंगमधील पोकळीसाठी वाळूचे गाभे घडवणारे साचे) तयार होतात. तीन अक्षांचा राऊटर (लाकूड कोरणारे यंत्र), पल्स म्हणजे विजेच्या इशाऱ्यागणिक एकेक पाऊल फिरणाऱ्या स्टेपर मोटर, त्यांना चालवणारे ड्राइव्ह, पॅरलल पोर्टवरून पल्स पाठवणारा एक जुना ऑफिसचा संगणक आणि त्यावर चालणारे लिनक्ससीएनसी हे यंत्र चालवणारे सॉफ्टवेअर, एवढाच हा संच आहे. राऊटर मधूनच पावले चुकवू लागला, तेव्हा मालकांच्या भाच्याने, जो येथेच अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, उपाय सुचवला: "मामा, कर्नल आपणच बांधूया की." उद्यमनगरात असा विचार लगेच रुजतो, कारण येथील कारखानदारीच बाहेरून आलेले यंत्र उघडून पाहण्याच्या आणि तसेच दुसरे स्वतः बनवण्याच्या सवयीवर उभी राहिली आहे. संगणकाची देखभाल माझ्याकडे असल्यामुळे मत देण्याचे कामही माझ्याकडे आले.

कर्नलचा आणि लाकूड कापण्याचा संबंध काय, हे आधी स्पष्ट केले पाहिजे, कारण सगळा निर्णय त्यावरच अवलंबून आहे. या संचात मोटरला जाणारी प्रत्येक पल्स संगणकाचा प्रोसेसरच तयार करतो. मोटरच्या एका फेऱ्याला २०० पावले आणि ड्राइव्हवर एका पावलाचे १० भाग अशी मांडणी असल्यास एका फेऱ्यासाठी २,००० पल्स लागतात. बॉल स्क्रूची पिच (एका फेऱ्यात टूल सरकते ते अंतर) ५ मिलिमीटर असल्यास एका मिलिमीटरमागे ४०० पल्स होतात. मिनिटाला ३,००० मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला ५० मिलिमीटर, या वेगाने टूल न्यायचे असेल तर सेकंदाला २०,००० पल्स वेळच्या वेळी निघाव्या लागतात. लिनक्ससीएनसीचा बेस थ्रेड, म्हणजे पल्स काढण्याचे ठरावीक काळाने होणारे काम, दर २५ मायक्रोसेकंदांनी जागा होत असेल, आणि पल्स चढवण्यासाठी एक व उतरवण्यासाठी एक अशा दोन पाळ्या लागत असतील, तर बरोबर तेवढ्याच पल्स मिळतात, त्याहून एकही जास्त नाही. थ्रेडला जागे व्हायला उशीर होतो म्हणून हा कालावधी ५० मायक्रोसेकंदांवर नेला की कमाल वेग निम्म्यावर येतो. कालावधी न वाढवता उशीर तसाच चालू दिला तर पल्समधील अंतर असमान होते, मोटर अडखळते आणि पावले चुकतात. पॅटर्न अर्धा मिलिमीटर चुकला तर ती चूक फाउंड्रीतून निघणाऱ्या प्रत्येक कास्टिंगमध्ये उतरते. करड्या बिडाचे आकुंचन धरून पॅटर्न मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर मोठा करणाऱ्या कारागिराला अशी चूक चालवून घेता येत नाही.

लिनक्सचा नेहमीचा कर्नल एकूण काम जास्तीत जास्त उरकावे अशा बेताने बनवलेला असतो. अमुक काम अमुक क्षणी झालेच पाहिजे, याची जबाबदारी तो घेत नाही. ती जबाबदारी घेण्याजोगा कर्नल घडवण्याचे काम प्रीएम्प्ट-आरटी या नावाने सुमारे वीस वर्षे मुख्य कर्नलच्या बाहेर, पॅचच्या (वरून लावायच्या बदलांच्या) रूपात चालू होते. त्यात इंटरप्टची (हार्डवेअरने मध्येच मारलेल्या हाकांची) बहुतेक कामे स्वतंत्र थ्रेडकडे सोपवली जातात आणि कर्नलमधील बरीचशी कुलुपे (सामायिक माहितीवर एका वेळी एकालाच काम करू देणारी) अशी बदलली जातात की अधिक तातडीचे काम आल्यावर चालू काम बाजूला ठेवता यावे. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६.१२ या आवृत्तीपासून हे काम मुख्य कर्नलचा भाग झाले. डेबियन १२ जून २०२३ मधील असून त्याचा कर्नल ६.१ मालिकेतला आहे. त्यामुळे तो पॅच लावून बांधलेले वेगळे पॅकेज डेबियन देते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ चा कर्नल ६.१२ मालिकेतला आहे आणि तेथेही रिअल-टाइम प्रकार स्वतंत्र पॅकेज म्हणूनच मिळतो. याचा अर्थ असा की ज्या एका गुणासाठी पूर्वी लोक कर्नल बांधायला बसत, तो गुण आज एका आज्ञेने उतरवून घेता येतो.

निर्णयाआधी मोजमाप हवे, आणि त्याचे साधन लिनक्ससीएनसीसोबतच येते. लेटन्सी-टेस्ट हा छोटा प्रोग्राम थ्रेडला जागे होण्यास सर्वांत जास्त किती उशीर झाला ते नॅनोसेकंदांत दाखवतो. लिनक्ससीएनसीच्या मार्गदर्शिकेप्रमाणे हा आकडा १५ ते २० मायक्रोसेकंदांच्या आत राहिला तर संगणकाकडून थेट पल्स काढण्याचे काम उत्तम होते. ३० ते ५० पर्यंत गेला तरी काम चालते, फक्त कमाल वेगाची अपेक्षा कमी ठेवावी लागते. आणि १०० च्या पुढे गेला तर तो संगणक या पद्धतीसाठी घेऊ नये. ही चाचणी शांत बसलेल्या संगणकावर घेण्यात काही अर्थ नाही. खिडक्या सतत हलवाव्यात, मोठ्या फाइली इकडून तिकडे न्याव्यात, पडद्यावर त्रिमितीय चित्र फिरत ठेवावे आणि हे सगळे कित्येक तास चालू द्यावे, कारण आपल्याला सरासरी नको, सर्वांत वाईट आकडा हवा आहे. शंभर पल्सपैकी नव्व्याण्णव वेळेवर गेल्या आणि एक चुकली तरी जॉब वायाच जातो.

पॅटर्न शॉपमधील संगणकावर हा आकडा सुरुवातीला शंभराच्या वर जात होता, आणि तो जात होता रिअल-टाइम कर्नल असतानाच. येथे भाच्याचा युक्तिवाद वरवर बळकट झाला: तयार कर्नलही पुरेसा नाही, म्हणजे आता स्वतः बांधलाच पाहिजे. परंतु उशीर कोठून येतो आहे हे शोधल्यावर कारणे बहुतांशी कर्नलच्या खालच्या थरात सापडली. बायोसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरील प्रोग्राममध्ये) वीज वाचवण्याचे सगळे पर्याय चालू होते, त्यामुळे प्रोसेसर क्षणभर मोकळा झाला की गाढ झोपेत जाई आणि जागा होताना वेळ घेई. हायपर-थ्रेडिंग चालू असल्यामुळे एकाच कोअरचे दोन वाटेकरी एकमेकांच्या पायात येत होते. शिवाय काही बायोस सिस्टिम मॅनेजमेंट इंटरप्टच्या निमित्ताने प्रोसेसर थोडा वेळ स्वतःच्या ताब्यात घेतात, आणि त्या काळात कोणताही कर्नल, मग तो कोणी का बांधलेला असेना, काहीही करू शकत नाही. त्याला आपण थांबलो होतो हेदेखील कळत नाही. बायोसमधील हे पर्याय बंद केल्यावर आणि सुरू होतानाच्या ओळीत आयसोलसीपीयूज हा पर्याय लिहून एक कोअर फक्त लिनक्ससीएनसीसाठी राखून ठेवल्यावर आकडा कामचलाऊ मर्यादेत आला आणि तिथेच राहिला. यासाठी कंपायलरला (सोर्सपासून कर्नल बांधणाऱ्या प्रोग्रामला) हातही लावावा लागला नाही. कर्नल बांधण्याच्या विचारात असलेल्या प्रत्येक कारखानदाराला माझी पहिली सूचना हीच राहील की आधी बायोस उघडावे.

तयार पॅकेजविषयी आता थोडे विस्ताराने. ते बसवणे सोपे आहे. पुन्हा सुरू केल्यावर ग्रबच्या, म्हणजे सुरू होताना कर्नल निवडायच्या, यादीत ते दिसते आणि जुना कर्नल त्याच्या खाली राहतो. जगातील जवळजवळ सर्व हार्डवेअरचे ड्रायव्हर त्यात मॉड्यूलच्या, म्हणजे लागेल तेव्हाच जोडायच्या तुकड्यांच्या, रूपात असतात, म्हणून त्याचा डिस्कवरील पसारा डेबियन १२ मध्ये काहीशे मेगाबाइटचा होतो. हा पसारा पाहून "आपल्याला नको असलेले सगळे काढून टाकूया" असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र जे मॉड्यूल लागत नाही ते मेमरीत येतच नाही. ते डिस्कवर पडून असते, आणि आजच्या डिस्कवर काहीशे मेगाबाइटला किंमत नाही. सुरू होण्याचा वेळ कमी करायचा असेल तर इनिटरामएफएसच्या (यंत्र सुरू होताना आधी मेमरीत येणाऱ्या प्रतिमेच्या) एका फाइलमध्ये मॉड्यूलची निवड 'मोस्ट' ऐवजी 'डेप' अशी केली की या यंत्राला लागतील तेवढेच ड्रायव्हर सुरुवातीच्या प्रतिमेत येतात. बदल एका शब्दाचा आहे आणि कर्नल जसाच्या तसा राहतो.

स्वतः बांधण्याचा प्रयोगही प्रामाणिकपणे केला गेला, कारण तो केल्याशिवाय तुलना करणे योग्य झाले नसते. सोर्स दाबलेल्या स्वरूपात दीडशे मेगाबाइटच्या आसपास आहे. उघडल्यावर तीन कोटींहून अधिक ओळींचा तो पसारा दीड गिगाबाइटच्या घरात जातो. डेबियनच्या चालू कर्नलची कॉन्फिग फाइल बूट फोल्डरमधून उचलायची, तिच्यावर मेक ओल्डडेफकॉन्फिग चालवायचे, मग मेक मेन्यूकॉन्फिगमध्ये हवे ते बदल करायचे आणि शेवटी मेक बाइंडेब-पीकेजी अशी आज्ञा देऊन बसवण्याजोगी पॅकेजे तयार करायची, असा हा क्रम आहे. क्रम लहान असला तरी वाट सरळ नाही. रिअल-टाइमचा पर्याय यादीत कितीही शोधला तरी दिसत नाही, कारण एक्स्पर्ट हा दुसराच पर्याय चालू केल्याशिवाय तो उघड होत नाही. यादीत हे कोठेही ठळकपणे सांगितलेले नाही आणि त्यात भाच्याची एक संध्याकाळ गेली. डीबगची माहिती कॉन्फिगमध्ये तशीच राहू दिली तर बांधणीचा फोल्डर वीस गिगाबाइटच्याही पुढे फुगू शकतो, तेव्हा तो पर्याय आधी बंद करावा. पूर्ण कॉन्फिगसह जुन्या दोन कोअरच्या यंत्रावर बांधणीला कित्येक तास लागतात. नव्या आठ कोअरच्या यंत्रावर छाटलेल्या कॉन्फिगसह ती चहा होईपर्यंत उरकते. मध्येच वीज गेली तरी फारसे बिघडत नाही, कारण तोवर तयार झालेले तुकडे डिस्कवर राहतात आणि मेक पुढचेच काम हाती घेते. पावसाळ्यात उद्यमनगरात बसून हे काम करणाऱ्याला ही गोष्ट माहीत असलेली बरी.

खरा धोका छाटणीत आहे. मेक लोकलमॉडकॉन्फिग ही आज्ञा त्या क्षणी मेमरीत असलेल्या मॉड्यूलची यादी पाहते आणि बाकीची सगळी वगळते. कल्पना अतिशय चांगली आहे आणि बांधणीचा वेळ तिच्यामुळे कितीतरी पटींनी घटतो. परंतु त्या क्षणी जे जोडलेले नव्हते ते नव्या कर्नलच्या लेखी अस्तित्वातच उरत नाही. पॅटर्न शॉपमध्ये प्रोग्राम येतो पेनड्राइव्हवरून. भाच्याने आज्ञा दिली तेव्हा पेनड्राइव्ह लावलेला नव्हता, म्हणून यूएसबी स्टोरेजचा ड्रायव्हर गेला, फॅट फाइलव्यवस्थेचे मॉड्यूल गेले आणि तिच्यासोबत लागणारे अक्षरसंचाचे कोडपेज मॉड्यूलही गेले. नवा कर्नल झोकात सुरू झाला, राऊटरही हलला, पण कापायचे काय हे सांगणारी फाइल आत आणण्याचा मार्ग बंद झाला होता. तीन वेगवेगळी मॉड्यूल परत जोडावी लागली, आणि एक जोडल्यावर पुढचे नाही हे कळत गेले. यूपीएसची यूएसबी केबल, घरून आणलेला दुसरा कीबोर्ड, वर्षातून एकदाच लागणारा प्रिंटर, या सगळ्यांबाबत हेच घडू शकते. ज्याला छाटणी करायचीच आहे त्याने आज्ञा देण्यापूर्वी कारखान्यात त्या संगणकाला कधीही लागणारी प्रत्येक वस्तू एकदा जोडून पाहावी.

एवढे सगळे करून मिळाले काय? लेटन्सी-टेस्टच्या आकड्यात दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. सुरू होण्याचा वेळ किंचित कमी झाला, जो दिवसातून एकदा सकाळी सुरू होणाऱ्या यंत्रावर कोणाच्या लक्षातही येणार नाही. आपल्या प्रोसेसरला साजेसा असा कर्नल बांधला की तो वेगाने धावतो, हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. ज्या गणिती सूचनासंचांमुळे नवीन प्रोसेसरवर चित्रफीत किंवा आकडेमोडीचे प्रोग्राम वेगवान होतात, ते कर्नलच्या सर्वसाधारण कोडमध्ये मुळात वापरलेच जात नाहीत. कर्नल बांधताना कंपायलरला तशी मनाई केलेली असते. त्यामुळे या मार्गाने मिळणारा लाभ अगदी किरकोळ राहतो.

मग ही प्रथा आली कोठून, असा प्रश्न पडतो. १९९० च्या दशकात संगणकाची मेमरी काही मेगाबाइटच असे आणि साउंड कार्ड किंवा नेटवर्क कार्ड चालवायचे तर कर्नल पुन्हा बांधावाच लागे. त्या काळी लिनक्स वापरणे आणि कर्नल बांधणे या गोष्टी वेगळ्या नव्हत्या. पुढे मॉड्यूलची व्यवस्था सर्वत्र आली आणि पुष्कळसे पर्याय चालू कर्नलमध्येच बदलता येऊ लागले. फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी या लिनक्ससारख्याच दुसऱ्या मुक्त प्रणालींचे धोरण पाहणेही उपयुक्त आहे; त्यांच्या तयार कर्नलला जेनेरिक म्हणतात. फ्रीबीएसडीच्या हँडबुकमध्ये स्वतःचा कर्नल बांधण्याची कारणे म्हणून सुरू होण्याचा कमी वेळ, मेमरीची बचत आणि जेनेरिक कर्नलमध्ये नसलेल्या हार्डवेअरचा आधार अशी यादी दिली आहे. त्यांची कॉन्फिगची पद्धत मला लिनक्सपेक्षा स्वच्छ वाटते: एका छोट्या फाइलीत 'जेनेरिक सामील करा' एवढे लिहून खाली फक्त आपले फरक मांडता येतात, आणि नवा कर्नल बसवताना जुना आपोआप वेगळ्या नावाने ठेवला जातो. परंतु त्याच फ्रीबीएसडीचे तयार अपडेट देणारे साधन फक्त जेनेरिक कर्नल बदलते. स्वतःचा कर्नल असणाऱ्याला प्रत्येक सुधारणेनंतर सोर्समधून पुन्हा बांधणी करावी लागते. ओपनबीएसडीची भूमिका याहून कडक आहे. जेनेरिक कर्नलच वापरा, असा त्यांचा आग्रह असून, बदललेल्या कर्नलवरील तक्रारी ऐकून घेण्याची ते तयारी दाखवत नाहीत. मला ही भूमिका तुसडी वाटत नाही. हजारो यंत्रांवर चाललेल्या कर्नलमधील दोष आणि एकाच यंत्रावर चाललेल्या कर्नलमधील दोष यांचा शोध घेण्याचे श्रम सारखे नसतात.

हा देखभालीचा मुद्दाच माझ्या मते निर्णायक आहे, आणि कर्नल बांधण्याच्या उत्साहात तोच बाजूला पडतो. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला मिळत असताना तेवढ्यासाठी घरी म्हैस बांधायची की नाही, असाच हा हिशेब आहे: दूध एक दिवसाचे, वैरण मात्र रोजची. कर्नलच्या स्थिर मालिकांमध्ये साधारण दर आठवड्याला दुरुस्त्या येतात. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नलची मंडळी सुरक्षादोषांना सीव्हीई (ज्ञात सुरक्षादोषांच्या सामायिक यादीतले) क्रमांक स्वतःच देऊ लागल्यापासून अशा क्रमांकांची संख्या इतकी वाढली आहे की त्यातील कोणता दोष आपल्याला लागू पडतो हे पाहणे एकट्या माणसाच्या आवाक्यातले राहिलेले नाही. तयार पॅकेज वापरणाऱ्यासाठी ही छाननी डेबियनचे लोक करतात. स्वतः बांधणाऱ्याने ती स्वतः करायची असते, नाहीतर डोळे मिटून दरवेळी बांधणी करायची असते. ६.१ च्या मालिकेवर रिअल-टाइम हवे असेल तर आणखी एक अट आहे: पॅचची आवृत्ती कर्नलच्या नेमक्या आवृत्तीशी जुळावी लागते, आणि नवी दुरुस्ती आली तरी तिच्यासाठीचा पॅच येईपर्यंत वाट पाहावी लागते. ६.१२ पासून ही अडचण गेली, हे मान्य केले पाहिजे.

याला एक उत्तर आहे, आणि ते मालकांनी लगेच दिले: राऊटरचा संगणक इंटरनेटला जोडलेलाच नाही. हे उत्तर योग्य आहे. जे यंत्र बाहेरच्या जगाशी फक्त पेनड्राइव्हने बोलते त्याला दर आठवड्याच्या दुरुस्तीची गरज नाही, आणि चांगला चाललेला कर्नल गोठवून ठेवण्यात शहाणपण आहे. पण मग प्रश्न माणसाचा येतो. हा कर्नल बांधणारा मुलगा पुढच्या वर्षी पुण्याला नाहीतर बंगळुरूला नोकरीसाठी जाणार, हे घरातील सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर मदरबोर्ड जळाला आणि दुसरा बसवावा लागला, तर छाटलेल्या कर्नलमध्ये त्या बोर्डाच्या डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर असेलच असे नाही, आणि यंत्र सुरूच होणार नाही. तयार पॅकेज असेल तर डिस्क नव्या बोर्डाला लावून बहुधा काम पुढे चालू होते. फाउंड्रीचा माणूस पॅटर्नसाठी दारात उभा असताना या 'बहुधा'ची किंमत फार मोठी असते.

कर्नल बांधणे योग्य ठरते अशा परिस्थिती आहेत आणि त्या नाकारण्याचा माझा हेतू नाही. एखादे हार्डवेअर इतके नवे आहे की त्याचा ड्रायव्हर तयार कर्नलमध्ये नाही. अशा वेळीही आधी डेबियनच्या बॅकपोर्ट्समध्ये (चालू आवृत्तीसाठी वेगळ्या दिलेल्या नव्या पॅकेजांत) नवा कर्नल आहे का ते पाहावे. एखादा पर्याय तयार कर्नलमध्ये मुद्दाम बंद ठेवलेला आहे आणि आपल्याला तो हवाच आहे. यंत्रनिर्माता स्वतःच्या छोट्या बोर्डावर आपले उत्पादन विकतो आहे, जिथे मेमरी मोजकी आहे आणि वीज आल्यापासून दोन सेकंदांत पडदा दिसला पाहिजे. तेथे कर्नल बांधणे हा धंद्याचाच भाग आहे. अपडेटनंतर काही बिघडले आणि नेमक्या कोणत्या बदलाने बिघडले हे गिट बायसेक्टने (बदलांची यादी निम्म्यानिम्म्याने तपासणाऱ्या साधनाने) शोधून कर्नलच्या मंडळींना कळवायचे आहे; हे तर उत्तम काम आहे. आणि शिकणे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने एकदा तरी कर्नल बांधून पाहावाच, फक्त तो स्वतःच्या लॅपटॉपवर, उपजीविकेच्या यंत्रावर नव्हे. लॅपटॉपवर सिक्युअर बूट (फक्त मान्य डिजिटल सही असलेला कर्नल सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर स्वतः बांधलेला कर्नल सही केल्याशिवाय सुरू होणार नाही, एवढे लक्षात ठेवावे.

कोल्हापुरात एक विशेष प्रसंग पुष्कळदा दिसतो. पॅरलल पोर्ट हवा म्हणून कारखान्यांत ३२ बिटी जुने संगणक जपून ठेवलेले असतात. डेबियन १३ मध्ये ३२ बिटी इंटेल यंत्रांसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर देणे बंद झाले आहे, तेव्हा अशा यंत्रासाठी कर्नल स्वतः बांधावा का, असे मला विचारले जाते. बांधता येतो, पण तेवढ्या श्रमांत पॅरलल पोर्ट असलेला एखादा ६४ बिटी जुना ऑफिसचा संगणक घेऊन काम भागते, आणि तो लेटन्सीच्या परीक्षेतही अनेकदा अधिक चांगला उतरतो.

वेग वाढवणे हीच ज्याची खरी गरज आहे त्याने कर्नलऐवजी कार्डाचा विचार करावा. मेसा या कंपनीची इथरनेटवर चालणारी कार्डे पल्स काढण्याचे काम स्वतःच्या एफपीजीए (आतली जुळणी हवी तशी ठरवता येणाऱ्या) चिपमध्ये करतात. संगणकाने फक्त दर मिलिसेकंदाला पुढची सूचना द्यायची असते. मग मघाशी भीतीदायक वाटणारा शंभर मायक्रोसेकंदांचा उशीरही सहज खपून जातो. नेटवर्कचा भाग मात्र नीट निवडावा लागतो, आणि इंटेलचे नेटवर्क कार्ड असेल तर इंटरप्ट साठवून ठेवण्याची त्याची सवय ईथटूल या आज्ञेने बंद करावी लागते. पॅटर्न शॉपमध्ये पुढची खरेदी हीच असावी, असे मी सुचवले आहे. कार्डाला पैसे पडतात आणि कर्नल फुकट आहे, हा आक्षेप मला मान्य नाही, कारण चुकलेला एक कोअर बॉक्स पुन्हा करण्याचे लाकूड आणि कारागिराचे दिवस फुकट नसतात.

तयार पॅकेजविषयी एक तक्रार उरते. डेबियनचे नेहमीचे अपडेट चालवले की रिअल-टाइम कर्नलची नवी आवृत्तीही त्यासोबत येते आणि पुढच्या वेळी यंत्र तिच्यावरच सुरू होते. तिची लेटन्सी या यंत्रावर कशी आहे हे त्या वेळी कोणीच तपासलेले नसते. सर्व्हरसाठी हे वागणे रास्त आहे, राऊटरसाठी नाही. त्यामुळे येथे ते पॅकेज एपीटी-मार्क या आज्ञेने होल्डवर ठेवले आहे, म्हणजे ते आपोआप बदलत नाही, आणि भाच्याने बांधलेला कर्नल त्याच्या लॅपटॉपवर गेला आहे. फाउंड्र्या दिवाळीत बंद असतात तेव्हा संगणक तात्पुरता इंटरनेटला जोडून होल्ड काढायचा, नवा कर्नल घ्यायचा, रात्रभर लेटन्सी-टेस्ट चालवायची आणि आकडा आधीच्या आकड्याशेजारी ड्राइव्हच्या पेटीच्या दारावर आतून चिकटवलेल्या कागदावर लिहायचा, असे ठरले आहे. आकडा वाईट आला तर ग्रबच्या यादीतून जुना कर्नल निवडून होल्ड परत लावायचा. हे काम मालकांना शिकवायला फारसा वेळ लागला नाही.